हरणीच्या गळ्यातला पट्टा

मित्रांनो, मदीनाबीच्या दाराआड खुंटीला एक रुंद, काळपट चामडी पट्टा टांगलेला आहे. तो जुना पट्टा म्हणजे मी. सगळा जन्म मी कुत्र्यांच्या नरड्याशी काढला, त्यामुळे माणसाचा हात जवळ आला की मला आधी शंका येते, हा बांधायला आला की सोडून द्यायला? तुमच्याही हातांकडे मी तसाच बघतो आहे. राग मानू नका.

मला जोडे शिवणाऱ्या जळबाने कळमनुरीच्या बाजारात, चिंचेखाली बसून शिवलं. साल असेल चौऱ्याहत्तर. कुरुंद्याच्या अलीकडल्या एका गावातून नरसिंग नावाचा शेतकरी त्याच्याकडे आला होता, सोबत त्याची काळी कारवानी, म्हणजे लांब तोंडाच्या शिकारी जातीची कुत्री, हरणी. कारवानीचं डोकं मानेपेक्षा बारीक, साधा पट्टा कानांवरून सहज निसटतो. म्हणून जळबाने मला चार बोटं रुंद केलं, हरणीची मान हातभर दोरीने मापली आणि आरीने तीन गोल भोकं पाडली.

नरसिंग मला नेहमी तिसऱ्या, सगळ्यात आवळ भोकात अडकवायचा. हरणीला घास गिळताना मान वर करावी लागे. पण कौतुक मात्र तोंडभर! हरणी वाऱ्यासारखी धावायची आणि नरसिंग पारावर मिशीला पीळ द्यायचा. मला तेव्हाही वाटायचं, कौतुक करणारा हात एवढा घट्ट का आवळतो?

पुढच्या वर्षी बाजाराच्या गर्दीत एका म्हाताऱ्याला कुत्रं चावलं. कोणतं, ते कुणी नीट पाहिलं नाही. "लांब तोंडाचं व्हतं," एकजण म्हणाला आणि तेवढ्यावर सगळ्या कारवान्या गुन्हेगार ठरल्या. गावच्या पंचांनी नियम केला. कारवानीने माणसाला किंवा जनावराला इजा केली तर मालकाने भरपाई द्यायची आणि कुत्रं मारून टाकायचं. बाकी कुत्र्यांना हा नियम नाही.

झालं! ज्या कुत्र्यांपायी मिशा पिळल्या जात, त्यांचेच पट्टे रातोरात निघाले. नरसिंगनेही हरणीला वेशीबाहेर हाकललं आणि मला त्याच्या जाड मानेच्या गावठी कुत्र्याच्या, भुऱ्याच्या गळ्यात घातलं. मी पुरेना, म्हणून त्याने खिळा तापवून टोकाला चौथं भोक पाडलं. त्या जळक्या भोकाचा वास मला अजून येतो.

गावाच्या कडेला मदीनाबी राहायची. एकटी बाई, गोधड्या शिवून पोट भरायची. घरोघर उरलेली भाकर मागून ती सोडलेल्या कुत्र्यांना घालायची. बघता बघता सात कारवान्या तिच्या अंगणात जमल्या, हरणीही. तेव्हा पंचांनी नियमाला शेपूट जोडलं, जो खाऊ घालील तोच मालक. गावाने तिला भाकर देणं बंद केलं. ती स्वतःच्या ताटातली देऊ लागली. मला वाटलं, हिचा काहीतरी डाव असणार. फुकट कोण कुणाला भाकर घालतं?

एके दिवशी भल्या पहाटे भुऱ्या हळदीच्या वावरात घुसला. तिथे रुक्माबाईची शेळी बांधलेली होती. त्याने तिचं नरडं धरलं. मी, मित्रांनो, तिथेच होतो, आणि मला तोंड नाही. पळताना मी वावराभोवतीच्या कुपाटीच्या काट्यांत अडकलो. भुऱ्याने मागे हिसका दिला, त्याचा कान फाटला आणि तो निसटला. मी बक्कल लागलेलाच काट्यांत लटकून राहिलो.

उजाडल्यावर गाव जमलं. "ह्यो तर हरणीचा पट्टा!" सगळे ओरडले. भुऱ्याच्या गळ्यात मला कुणी नीट पाहिलंच नव्हतं. नरसिंगने लगेच काखा वर केल्या. "म्या तिला कवाच काढून देलं. खाऊ घालती मदीनाबी, तिलाच इचारा."

चोर सोडून संन्याशाला सुळी! गाव मदीनाबीच्या दारात आलं, मला बक्कलासकट तिच्यासमोर मातीत टाकलं; एकाने विषाची पुडी आणली. सातही कुत्री मारायची, असं ठरत होतं. हरणी मदीनाबीच्या पायाशी उभी होती.  मी मनात म्हटलं, आता हीसुद्धा हात झटकणार.

तिने वाकून मला उचललं, बक्कल न सोडता हरणीच्या डोक्यावरून घातलं आणि सोडून दिलं. हरणीने मान खाली केली, तसा मी कानांवरून घसरून सरळ मातीत पडलो.

"बघा पंच," मदीनाबी म्हणाली, "ह्यो पट्टा हिच्या गळ्यात टिकून नाही राहिला. मंग शेळी मारंपर्यंत कसा टिकला?"

त्या दिवशी जळबा गावात जोडे द्यायला आला होता. त्याने मला हातात फिरवलं. "तीन भोकं माझ्या आरीची हाईत. चौथं जळालेलं हाय, ते माझं न्हाई. जाड मानंचं कुत्रं आना."

भुऱ्याला आणलं. त्याचा कान फाटलेला, मानेवर माझ्याच रुंदीचे केस झडलेले. सगळ्यांना कळलं. पण एक पंच खाकरून म्हणाला, "नियम कारवानीचा हाय. भुऱ्या तर गावठी."

तेव्हा रुक्माबाई पुढे झाली. "कारवानीनं मारली असती तर माझी शेळी मेली, अन् भुऱ्यानं मारली तर ती जित्ती हाय व्हय?"

 नरसिंगने मुकाट्याने आपल्या गोठ्यातली शेळी आणून तिच्या दारात बांधली. विषाची पुडी आणणारा केव्हाच सटकला होता. पण नियम काही रद्द झाला नाही. उलट पंचांनी विचारलं, "मंग उद्या भरपाई कोन देनार? हरणी कुनाची, चारचौघांत एक नाव सांगा."

गर्दी दोन पावलं मागे सरली. नरसिंग सगळ्यात आधी.

मदीनाबीने मला पुन्हा उचललं. चौथ्या भोकाकडे तिने पाहिलंही नाही. मधल्या भोकात बक्कल अडकवलं, मग चामडं आणि मान यांच्यामध्ये आपली दोन बोटं घालून पाहिली. बोटं आत गेली. हरणीने घास नसताना उगाच एक आवंढा गिळला, मान वर न करता.

"माझी," मदीनाबी म्हणाली. "उद्या हिनं कायबी केलं तर जाब मला इचारा. बाकीच्या सहांचाबी."

मला फार लाज वाटली, मित्रांनो. मी तिच्यावरही संशय घेतला होता.

हरणी पुढे म्हातारी होऊन त्याच अंगणात गेली आणि मी या खुंटीवर आलो. माझी शंकेखोर खोड गेलेली नाही. मला कुणी हातात घेतलं की मी अजून बघतो. तुम्ही कधी कुणाच्या गळ्यात पट्टा घातलात, तर आधी चारचौघांत "माझी" म्हणा. आणि मग आत दोन बोटं जाताहेत का, तेवढं बघा.