मच्छिंद्र बसत नाही

मच्छिंद्रने डाव्या तळव्यावर पोह्यांची बशी तोलली, वर लिंबू पिळलं आणि उभ्यानेच पहिला घास घेतला. बाकीची अठरा माणसं सतरंजीवर मांडी घालून बसली होती. त्यांच्याकडे बघायचं नाही, हे तो आता शिकला होता.

वाघोलीच्या वाघेश्वराच्या आवारातली ही यात्रेची शेवटची न्याहारी. कसबा गणपतीला नारळ फोडून निघालेली मंडळी आठही विनायक पायी करून आज संध्याकाळच्या आरतीला परत कसब्यात पोचणार होती. आज चोविसावा दिवस, आणि या चोवीस दिवसांत मच्छिंद्र चारचौघांत एकदाही बसला नव्हता. देहधर्माला जेवढं बसावं लागतं तेवढं तो पहाटे झाडाआड बसे, आणि तिथे अंमळ जास्तच रेंगाळे.

घोळ पहिल्याच मुक्कामी झाला होता. थेऊरला पोचल्यावर यात्रेचे प्रमुख दिगंबर सर त्याच्याजवळ आले आणि घाम पुसत म्हणाले, "मच्छिंद्रराव, जरा बसायचं का?"

मच्छिंद्र चरकला. त्याच्या गावात, धायरीत, या प्रश्नाचा अर्थ एकच. बाटली, चकणा आणि कुणाच्या तरी अर्धवट बांधलेल्या इमारतीची गच्ची. पेठेतल्या शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलेला, कपाळाला गंध लावलेला हा माणूससुद्धा? त्याने घाईघाईने हात जोडले.

"नको सर. बसायचं सोडलंय मी. पोरीला शब्द दिलाय."

सरांचे डोळे भरून आले. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की आपल्यात एक गृहस्थ असे आहेत, ज्यांनी यात्रा पुरी होईपर्यंत न बसण्याचं व्रत घेतलं आहे. लोहगावच्या बायडाबाई सत्तरीच्या, तरी उठल्या आणि सरळ पायाच पडल्या. खरं सांगायचं तर आपण पिणारे आहोत हे सांगावं लागणार, तेही बायाबापड्यांसमोर. मच्छिंद्रची जीभ रेटेना. तो उभा राहिला तो राहिलाच.

शब्द मात्र खरा होता. शालूच्या साखरपुड्यात तो झिंगून ओटी भरायच्या ताटांवर आडवा झाला होता. खण, नारळ, पेढे, सगळं व्याह्यांच्या पायांशी. शालू रडली नाही. दुसऱ्या दिवशी चहा देताना एवढंच म्हणाली, "कन्यादानाला संपतकाका बसतील."

"आणि नाही घेतली तर?"

"किती दिवस?"

मच्छिंद्रला चौकात लागलेला यात्रेचा फलक आठवला. "चोवीस."

"करून दाखवा. मग बघू."

आणि गंमत अशी, की त्या खोट्या व्रताने खऱ्याला चांगलाच हात दिला. ज्याला लोक वाकून नमस्कार करतात त्याला धाब्यामागे सटकता येत नाही. ओझरला हात कापत होते तेव्हा बायडाबाईंनी थकवा समजून लिंबूसरबत पाजलं होतं. पालीला तर रात्रभर डोळा लागला नव्हता. पण निभलं होतं. आता सतरा-अठरा किलोमीटरच उरले होते.

बशी ठेवायला तो वळला आणि आवारात बुलेट धडधडत शिरली. संभाजी! मच्छिंद्रने जमीन विकली त्याच वर्षी यानेही विकली होती, आणि पुढची दहा वर्षं दोघांनी गच्च्या सोडल्या नव्हत्या.

"मच्छ्या, लेका! निम्मा झालास की! चल, मामाच्या मळ्यावर सोय केलीय. बसायचं का?"

"नाही," मच्छिंद्र हळूच म्हणाला. "बसत नाही मी."

"खरंय हो," सर कौतुकाने म्हणाले. "चोवीस दिवस बसलेले नाहीत."

संभाजी पोट धरून हसला. "हा? अहो, अख्ख्या धायरीत याच्याइतकं कुणी बसलं नसंल!" आणि त्याने अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवला.

सरांनी त्या अंगठ्याकडे पाहिलं, मग मच्छिंद्रकडे. मच्छिंद्रला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्याने बशी खाली ठेवली.

"सर, चुकलो. त्या दिवशी तुम्ही बसायचं का म्हणालात, मला वाटलं प्यायचं का. मी प्यायचं सोडलंय असं सांगितलं होतं. पुढं बोलायचं धाडसच झालं नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"छत्तीस वर्षं मराठी शिकवली," ते म्हणाले, "आणि एक क्रियापद समजू नये! असो. घेतली का मधे?"

"नाही."

"एकदाही?"

"थेंबसुद्धा नाही."

"मग आमचा नमस्कार वाया गेला नाही म्हणायचा. त्याचा हिशोब फार अवघड होऊन बसला असता."

कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळीच सतरंजी हसली. बायडाबाई मात्र तरातरा जाऊन एक प्लास्टिकची खुर्ची आणि गरम पाण्याचं घमेलं घेऊन आल्या. त्यात त्यांनी मूठभर मीठ टाकलं.

"बस मेल्या! पाय बघ कसं सुजल्यात. आन् म्या येडी पाया पडत होते."

मच्छिंद्र बसला. पाणी घोट्यांपर्यंत चढलं तसा त्याच्या तोंडून असा हुंकार निघाला, की संभाजीसुद्धा बुलेटवरून उतरला. सरांनी त्याचं नाव विचारलं आणि दोघांच्याही हातात चहा दिला.

तेवढ्यात मच्छिंद्रचा मोबाइल वाजला. तो पलीकडे पिशवीत होता. सरांनी तत्परतेने उचलला.

"कोण, शालू का? अगं, तुझ्या वडिलांची काळजीच करू नकोस. इथे वाघोलीत मस्त बसले आहेत. संभाजीराव आहेत ना सोबतीला. हॅलो? हॅलो?"

सरांनी फोन कानापासून दूर धरला. त्यांचा चेहरा हळूहळू पडला.

"दुसऱ्यांदा," ते पुटपुटले. "त्याच क्रियापदावर."

मच्छिंद्रने ओल्या पायांनीच उठून फोन लावला. नुसतीच रिंग जात राहिली. सहा वेळा, सात वेळा. त्याच्या घशाला कोरड पडली, आणि ती कोरड कसली हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"ती आता ऐकायची नाही," संभाजी त्याच्या कानाशी म्हणाला. "नाव तर गेलंच. मग उगं कोरडा कशाला मरतोस? चल."

बुलेटची मागची सीट रिकामी होती. दहा मिनिटांवर मळा. मच्छिंद्रने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तो पुन्हा खुर्चीत टेकला आणि त्याने पाय घमेल्यात सोडले.

"बायडाबाई, पाणी गार झालं. जरा गरम घालता?"

सरांनी यात्रा थांबवली. "पोर आल्याशिवाय कुणी हलायचं नाही," असं त्यांनी बजावलं. पोर येणार हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे!

सव्वा तासाने स्कूटर आली. शालूने तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडलासुद्धा नाही. ती तशीच खुर्चीपाशी आली, वाकली आणि तिने वडिलांच्या तोंडाजवळ नाक नेलं. लहानपणी दारात उभी राहून ती रोज हेच करायची. मच्छिंद्र हलला नाही. तिने त्याच्या हातातला कप घेतला, हुंगला, आणि स्कार्फ खाली ओढून एक घोट प्यायली. आल्याचा चहा होता, आणि पार गार झालेला.

"शालूताई, दोष माझा," सर म्हणाले. "तुझे वडील बसले म्हणजे खुर्चीत बसले. चोवीस दिवसांत पहिल्यांदा."

"नाय घेतली गं," संभाजी मान खाली घालून म्हणाला. "म्याच आलो होतो न्यायला."

शालूने वडिलांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. उरलेला चहा तिने एका दमात संपवला आणि फोन काढला.

"काका, शालू बोलतेय. वाघोलीत आहे. पप्पा बसतायत."

पलीकडून संपतकाकांचा आवाज एवढा चढला, की सगळ्या आवाराला ऐकू गेला. "बसतायत? परत? कुठं बसतायत? कुणाबरोबर?"

"आईबरोबर," शालू म्हणाली. "पाटावर, काका. माझ्या कन्यादानाला."

मच्छिंद्र पाण्यातल्या आपल्या पायांकडे बघत राहिला, आणि डोळे कोरडे होईपर्यंत त्याने मान वर केली नाही.