पंख्याच्या हुकावरचा लंबक

मित्रांनो, तुम्ही मला आज पाहिलंत तर तोफेचा गोळा समजाल. पण मी लंबक आहे, आणि आता बराच म्हातारा आहे. माझ्या पोटात शिसं आहे, अंगावर लोखंडाचं कवच आहे आणि बुडाला बोटभर टोक आहे. मला लेथवर घडवणारा कारागीर कामाला चोख होता, तरी भौतिकशास्त्राच्या सरांनी मला दोनदा परत पाठवलं. "हा एका बाजूला जरा जरी जड झाला, तर मुलांसमोर खोटं बोलेल," असं ते म्हणाले.

शाळेच्या जिन्यामधल्या पोकळीत, वरच्या छतापासून थेट तळमजल्यापर्यंत, एका लांब तारेवर मला टांगलं. खाली फरशीवर लाकडी खुंट्यांचं कडं मांडलं. मला हाताने ढकलायची सक्त मनाई होती. माणसाचा हात कितीही जपून ढकलो, थोडा तिरका धक्का देतोच. म्हणून मला सुती दोऱ्याने एका बाजूला ओढून कठड्याला बांधायचे. मी पुरता निश्चल झालो की सर काडी ओढून तो दोरा जाळायचे. दोरा तुटला की मी निघालो. मी आपला माझ्या रेषेत येरझाऱ्या घालत राहायचो आणि माझ्याखालची शाळा, बाकांसकट आणि मुलांसकट, पृथ्वीबरोबर अगदी सावकाश वळत राहायची. बऱ्याच वेळाने शेजारची एखादी खुंटी माझ्या टोकाला लागून आडवी व्हायची. मग जिन्यात जो गलका व्हायचा, तो ऐकून मुख्याध्यापक बाहेर यायचे.

मुलं काय काय विचारायची! "सर, पृथ्वी एवढी जोरात फिरते, तर उडी मारल्यावर मी मागच्या वर्गात का नाही पडत?"

"पडलास तर बरंच होईल, तुझा अभ्यास तिथलाच आहे," सर म्हणायचे. मग नीट समजावायचे, "अरे, उडी मारताना तू पृथ्वीचा वेग बरोबर घेऊनच वर जातोस. वर गेलास म्हणून तो सांडत नाही."

कोणी म्हणायचं, "हेलिकॉप्टर नुसतं हवेत थांबवलं, तर पुढचं गाव आपोआप खाली येईल ना?"

"मग इंधनावर कोण कशाला खर्च करेल? हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरते, बाळा."

सरांची मुलगी त्याच शाळेत होती. सर तिला चिंगी म्हणत. ती खालच्या पायरीवर बसून विचारायची, "पण बाबा, आपल्याला कळत का नाही?"

"एकसारखं चाललेलं कळत नाही, चिंगे. गाडीने ब्रेक मारला की कळतं."

सर निवृत्त झाले. जिन्याच्या पोकळीत लिफ्ट बसवायचं ठरलं. कंत्राटदाराच्या माणसांनी माझी तार कापली आणि मला अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांमागे ढकललं. तिथे माझ्या अंगावर गंज चढला. कोणी दार उघडत नव्हतं. उघडलंच, तर आणखी एक मोडकं बाक आत यायचं. किती वर्षं गेली, मला सांगता येणार नाही. तिथे दिवस कळत नव्हता.

मग एका सकाळी चिंगी आली. तिचे केस पिकायला लागले होते.

सरांच्या मेंदूत, तोल सांभाळणाऱ्या भागात, गाठ झाली होती. आपल्याला फिरणं जाणवत नाही, हे ज्यांनी जन्मभर शिकवलं, ते सर आता पडल्या पडल्या गादीची कड घट्ट धरून असत. डोळे उघडले की भिंती फिरत. वरचा पंखा तर बंद असला तरी त्यांना सोसवत नव्हता, म्हणून तो काढून टाकला होता. डॉक्टरांनी चिंगीला बाहेर बोलावून सांगितलं होतं की ऑपरेशन करण्यासारखं नाही आणि वेळ थोडा आहे. ती आत येऊन म्हणाली होती, "औषध बदललंय बाबा. बघा, लवकरच खुर्चीत बसाल." सर रोज विचारत, "डॉक्टर काय म्हणाले?" ती रोज काहीतरी चांगलं शोधून सांगे आणि उशी नीट करण्याच्या निमित्ताने तोंड फिरवे. हे सगळं मला चिंगीने घरी, सरांच्या खोलीत आणल्यावर कळलं. असंच एकदा सरांनी विचारलं होतं, "माझा गोळा कुठे असेल गं?" आणून देता येईल असं काहीतरी त्यांनी मागितलं, म्हणून ती लगोलग निघाली होती.

वायरमनने पंख्याचा हुक ओढून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "ताई, पंखा नको आणि हा तोफगोळा हवा? कुठला किल्ला घ्यायचाय?"

"टांग रे," सर पलंगावरून म्हणाले. "किल्ला पडायलाच आलाय."

चिंगीला हसू आलं नाही.

खोलीत माझी तार जेमतेम पुरुषभर झाली. "एवढ्याशा तारेवर कठीण आहे," सर म्हणाले. "बघू." चिंगीने मला दोऱ्याने खिडकीच्या गजाला बांधलं आणि माझ्याखाली बुटक्या टेबलावर खुंट्या मांडल्या. सरांच्या हाताला काडी धरवेना, म्हणून तिनेच दोरा जाळला. मी निघालो. भर दुपार होती. सर डोळे मिटून ऐकत होते.

मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. पण तार आखूड होती. माझा झोका कमी कमी होत गेला आणि टोक खुंट्यांपासून दूरच राहू लागलं. चिंगीने ते पाहिलं. ती वाकली आणि बोटाने एक खुंटी पाडली.

"पडली बाबा! पडली!"

"तू पाडलीस," सर म्हणाले.

"नाही हो."

"टोक लागलं की आधी टक् असा आवाज येतो, मग खुंटी पडते. आत्ता नुसती पडली." त्यांना धाप लागली. "फसला तर फसला म्हणायचं. मी काय रडणार होतो?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं, बाबा."

"मला बरं वाटावं म्हणून आणखी काय काय पाडलंयस?"

ती खाली फरशीवरच बसली. मी तिच्या खांद्याजवळून हलकेच जात-येत होतो. डॉक्टर बाहेर उभं राहून जे जे बोलले होते, ते सगळं तिने सांगितलं. मध्ये थांबली, पण काही गाळलं नाही.

"दुखेल का?" सरांनी विचारलं.

"दुखू नये म्हणून औषध देतील."

"तुला ओळखेन ना?"

"शेवटी शेवटी कदाचित नाही, असं म्हणाले."

सरांनी गादीची कड सोडली आणि तिचा हात धरला. "मग उशीर नको," ते म्हणाले. "ओळखतोय तोवर बोलून घेऊ."

ते काय बोलले ते त्या दोघांचं आहे. त्यांना थोडेच दिवस मिळाले. त्यानंतर सरांनी तिला ओळखलं नाही. तरी ती त्यांच्याशी बोलत राहिली. मग पलंग रिकामा झाला.

मी अजून त्या हुकावरच आहे. मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या शाळेत पडलेली असेल, तर तिला पुसा. थोडं तेल लावलं तरी पुरे. पण घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल आणि आपल्याला काय झालंय असं विचारत असेल, तर आधी त्याच्याकडे जा. त्याने विचारलं असेल तेवढं खरं सांगा. आणि सांगून झाल्यावर लगेच उठू नका.