काशाच्या वाटीचा सूर

…आणि वाटी अजून वाजतच होती. तळपायांना चोळायचं तूप वाटीवरून पुसून झाल्यावर हात रिकामा होता म्हणून बायडाबाईंनी ती तळहातावर घेऊन काठावर टिचकी मारली होती, अगदी सहज – आणि मैनेच्या मांडीवरचा तंबोरा, इतका वेळ गोड बोलणारा, एकदम खोटारडा ठरला. वाटीचा सूर वर. तंबोरा खाली. थोडाथोडका नाही, चांगला एका स्वरानं.

ही वाटी म्हणजे घरचा षड्ज. बाईंच्या आईनं कासाराच्या दुकानात वाट्या वाजवून वाजवून, त्याचा जीव नकोसा करून ती निवडली होती. हिला लागेल तो आपला सा, त्याच्या खाली गाणाऱ्यांनी खुशाल भूपाळ्या म्हणाव्यात, असं म्हणायची. आई त्याच सुरात गायली, त्याच सुरात बायडाबाई गायल्या, श्रीमंतांच्या वाड्यावर, सरदारांच्या बैठकांत, आणि दर रामनवमीला इथंच शनिवारातल्या रामापुढं, जन्म झाल्यावर… गेल्या सालापर्यंत. गेल्या साली पाळण्याच्या गाण्यातल्या वरच्या ‘सा’वर गळा फाटला, धोतर फाटावं तसा, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असा. उत्सवाचा कारभार पाहणारे श्रीधरपंत काही रागावले नाहीत. उपरणं सावरत म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी सूर आणाल ना बरोबर? का राहतो तो घरीच?" मेले हे पुणेरी लोक! यंदा निरोप आला तो असा – आज नवमीला ऐकू, मग पुढचं ठरवू. आणि देवळानं सोडलेल्या बाईला बैठकीला कोण बोलावणार?

"मैने, तंबोरा कुणी उतरवला?"

मैनेची बोटं तारांवर थांबली. वाघोलीच्या जयसिंगाची ही पोर. शेतातल्या माळ्यावर उभी राहून पाखरं हाकत होती तेव्हा बाईंनी तिचा आवाज रस्त्यावरून ऐकला होता, बापाला पटवून तिला घरी आणली होती, आणि तेव्हापासून रोज सकाळी तिच्यावर ओरडत होत्या – अगं, गेली पाखरं! आता गळ्याशी हळू बोल. हनुवटी खाली. गळा दाखवायचा नसतो गं, जन्मभर पुरवायचा असतो.

"म्याच," मैना म्हणाली. "संक्रांतीपासनं. रोज केसभर."

"माझ्या घरात, माझ्याच गळ्यावर चोरी? आणि मला विचारायचं नाही?"

"इचारलं असतं तर उतरू दिलं असतं का तुमी? गाणं झालं की तांब्या घिऊन भितीकडं त्वांड करून बसायच्या. मला बघवंना."

भवानी! हिला माझी जागा हवी आहे, दुसरं काय. आज सगळ्यांसमोर मी खाली गायचं, पंतांनी मान हलवायची, आणि पुढच्या साली ही तरणीताठी, घोड्यासारख्या फुप्फुसांची… पण तो विचार बाईंना नीट धरवेना, कारण त्याच्या मागून दुसराच वर आला होता, माघातल्या एका सकाळचा. त्या दिवशी पंचम कसा आला होता! न खाकरता, न अडता, भरून. हरखून त्यांनी मैनेच्या हातावर गुळाचा खडा ठेवला होता – गळा आला गं माझा परत! आणि मैना खाली मान घालून गूळ खात होती.

तळपाय जळतात, काशाच्या वाटीनं तूप चोळ, हे मैनेला सांगितलं कुणी? त्याच माघात? फडताळात दुसरी वाटी नव्हती काय? होती. तुपात लडबडलेली वाटी वाजत नाही हे ठाऊक नव्हतं मला – मला? टिचकी मारायची सवय लहानपणापासूनची, आणि ती नेमकी माघापासून कशी सुटली? या पोरीनं खुंटी फिरवली, पण वाटीचं तोंड मीच बंद केलं.



"चढवू का?" मैनेचा हात खुंटीवर होता. "अजून येळ हाय."

बाईंनी पुन्हा टिचकी मारली आणि वाटीच्या सुरावर आ लावला. लागला. लागला, पण घशाला कुणी मुठीत धरल्यासारखं झालं, खांदे वर गेले –

"हनुवटी, बाई," मैना बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

मग बायडाबाईंना हसू फुटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. त्या हसण्यातच त्यांच्या मनात आलं, आई चाळिशीसुद्धा न बघता गेली. उतरता गळा म्हणजे काय हे तिला कळायची वेळच आली नाही. तिनं ठरवलं ते तरण्या गळ्याचं ठरवलं, आणि मी तिच्याहून म्हातारी होऊनही तिलाच विचारत बसले.

"राहू दे खुंटी," त्या म्हणाल्या. "तंबोऱ्याला गवसणी घाल. निघू."

देवळात जन्माचा गुलाल अजून खाली बसायचा होता. तारा जुळल्या तशी खांबाला टेकलेल्या श्रीधरपंतांची मान कलली.

"बाई, सूर खाली वाटतो."

मागं तारांवर मैनेची बोटं अडखळली. आता ही वेडी ‘म्याच’ म्हणून उठणार…

"हो पंत," बाई म्हणाल्या, "मी उतरवलाय."

"तो का?"

"अजून पुष्कळ वर्षं गायचंय म्हणून."

कुणीतरी हसलं. पंत हसले नाहीत. "हं, ऐकू," एवढंच म्हणाले, आणि त्या ‘हं’मधून काही कळायला मार्ग नव्हता. न कळू दे. वाटी घरी होती, घासून, फडताळात पालथी. बाईंनी सा लावला. हनुवटी आपली आपण खाली आली, सूर छातीत उतरला, आणखी उतरला, पसरला, आणि पुढं काय होणार हे विचारायचंच त्यांच्या मनातून गेलं – अगं बाई, एवढी जागा होती इथं!