वहिनींची उजवी बाजू

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. चिकपेटच्या बाजारात, साड्यांच्या दुकानावर डॉक्टर बिंदुमाधवांचा दवाखाना आहे. तिथं अठ्ठावीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात मिरवलो. "डॉक्टरअण्णांच्या कानातून काही सुटत नाही," असं लोक म्हणत आणि मी फुशारून जाई. मित्रांनो, आज त्या फुशारकीची मला लाज वाटते.

डॉक्टरांना त्यांच्या पद्मावतीवहिनींनी लहानाचं मोठं केलं. घरातच डॉक्टर, म्हणून वहिनी बाहेर कुठं दाखवायला जात नसत. पण आईच्या जागी असलेल्या वहिनींना तपासताना डॉक्टर संकोचत. मला पदरावरूनच, डाव्या बाजूला, क्षणभर टेकवत. ठोके फार क्षीण येत. "वहिनींचं काळीजच मवाळ," असं म्हणून ते मला उचलत. ठोके दुरून येताहेत हे मला कळत होतं. पण मी पडलो मुका, त्यात कौतुकाला चटावलेला.

गेल्या श्रावणात वहिनींच्या पोटात डावीकडे, खाली कळ आली.

"अपेंडिक्स असेल का रे, बिंदू?"

"ते उजवीकडे असतं, वहिनी. हा वात आहे. स्वल्प ओवा खा."

दोन दिवस त्यांनी मुकाट्यानं ओवा खाल्ला. तिसऱ्या दिवशी अंग तापलं, उभं राहवेना. तेव्हा डॉक्टरांची मुलगी सुप्रीता धावत आली. तीही नुकतीच डॉक्टर झालेली. तिनं पदर बाजूला केला, मला आधी डावीकडे ठेवलं, मग उजवीकडे. उजवीकडे ठोके दणदणले.

"अप्पा, काकूंचं हृदय इकडे आहे. आतलं सगळंच उलट असेल, आरशात दिसतं तसं. मग अपेंडिक्स डावीकडेच."

स्कॅनमध्ये तेच निघालं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं आणि वहिनी थोडक्यात वाचल्या. डॉक्टरांनी मला खणात टाकलं. मलाही तोंड लपवायला जागा हवीच होती.

महिन्यानं वहिनी स्वतः जिना चढून दवाखान्यात आल्या. डॉक्टरांची मान वर होईना.

"मी तुमचं ऐकलंच नाही, वहिनी."

"दोन दिवस बोट ठेवून दाखवत होते रे." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून ते जास्तच लागलं. त्यांनी खण उघडून मला काढलं आणि उजव्या बाजूला धरलं. "आता लाजू नकोस. ऐक."

डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले.

मित्रांनो, 'आम्हाला जपा' असं शेवटी म्हणायची आम्हा वस्तूंची रीत आहे. मी तसं म्हणणार नाही. कुणी 'इथं दुखतंय' म्हणून बोट ठेवलं, तर पुस्तकात काय लिहिलंय ते सांगण्याआधी तिथं हात ठेवून पाहा.