धुरावरचं दूध

मी एक जुना मग आहे, मित्रांनो, आणि एका माणसाला आजारी पाडल्याचा ठपका माझ्यावर ठेवण्यात आला आहे. ठपका ठेवणारे शिकलेले होते, त्यांचे हात स्वच्छ होते आणि त्यांच्या खोलीत हवा खेळती होती. शेवटची गोष्ट विशेष लक्षात ठेवा.

माझा जन्म टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. स्टेनलेस स्टीलच्या पाइपचा उरलेला तुकडा, त्याला बसवलेला गोल तळ आणि सळई वाकवून जोडलेला कान, एवढाच माझा देह. नव्या वेल्डरची ती परीक्षा असे. तळ जोडायचा, वर पाणी भरायचं आणि सगळ्यांनी भोवती उभं राहून बघायचं. थेंब पाझरला तर आल्या पावली परत. माझ्यातून थेंब पाझरला नाही. मुकादमाने सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "वेल्डिंग केलंयस का पेन्सिलीने रेघ मारलीयस?" तेव्हापासून माझ्या कारागिराचं नाव रेघोबा पडलं. त्याचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

जन्मताना माझ्यातून निळसर धूर निघाला आणि सरळ त्याच्या नाकात गेला. तो धूर म्हणजे माझंच अंग होतं: वितळलेल्या धातूची वाफ, जी हवेत थंड होऊन डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ होते. लोखंड, मँगनीज, क्रोमियम, निकेल. आमच्यातली नाळ हीच. ती तोडायची असते हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

त्या कारखान्यात वेल्डरांना रोज दूध मिळे. पातेलं आलं की मुकादम ओरडे, "या रे, धूर धुऊन घ्या!" दुधाने नेमकं काय होतं याबद्दल मतभेद होते. एक म्हणे, छातीला आतून अस्तर बसतं. दुसरा म्हणे, लोखंड दह्यासारखं विरजून खाली बसतं. तिसरा काहीच म्हणत नसे, पण दोनदा घेई. टाकीच्या आत उतरून काम करणाऱ्याचा मान मोठा. "टाकीतला गडी आहे, साखर सढळ हाताने घाला," असा मुकादमाचा हुकूम असे. रेघोबा टाकीतला गडी होता. मी काठोकाठ भरे.

आणि मला अभिमान वाटे! मी स्वतःला औषधाचं पात्र समजत होतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर काम केलं की रेघोबाला संध्याकाळी हुडहुडी भरे, तोंडाला धातूची गोडसर चव येई. दुसऱ्या दिवशी ताप आपसूक उतरे. तो ताप असाच येतो आणि असाच जातो. पण मध्ये दूध प्यायलेलं असे, म्हणून श्रेय दुधाला जाई. यशाचे मानकरी बहुधा असेच ठरतात.

एकदा वेल्डरांनी टाकीत धूर ओढून घेणारी नळी मागितली. मुकादम म्हणाला, "वारा लागला की सांध्यात भोकं पडतात. आणि दूध कशाला देतोय मग तुम्हाला? आंघोळीला?" सगळे हसले. सर्वांत मोठ्याने रेघोबा हसला. "पिऊन टाका रे," तो म्हणाला. "इतकी वर्षं पितोय मी. काही झालंय का मला?"

झालेलं होतं. फक्त ते दिसत नव्हतं.

मित्रांनो, गळ्यापाशी दोन वाटा फुटतात. एकीने दूध पोटात जातं, दुसरीने धूर फुफ्फुसात. या वाटा खाली पुन्हा कुठेही भेटत नाहीत. दूध पोटात पचत होतं, धातूची धूळ फुफ्फुसाच्या तळाशी साचत होती, आणि तिच्यातली सर्वांत बारीक धूळ रक्तात उतरत होती. अशा धुळीने शरीरात मंद दाह पेटतो. चयापचय म्हणजे शरीराचा संसार: आलेल्या अन्नातलं काय खर्चायचं, काय साठवायचं, चरबी कुठे ठेवायची, साखर कुणाला द्यायची. घरात सतत धुमसत असेल तर संसाराची घडी विस्कटते. इन्सुलिन पेशींच्या दारावर थाप मारत राहतं आणि आतून कुणी कडी काढत नाही. वेल्डरांच्या रक्तातल्या स्निग्ध पदार्थांमध्ये बदल झालेले अभ्यासकांना आढळले आहेत. एकट्या रेघोबाच्या आजारात धुराचा वाटा किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तो वाटा शून्य आहे, हे ज्यांनी छातीठोकपणे सांगितलं, त्यांच्याकडे आता वळू.

आधी तहान आली. रेघोबा मला दुधानंतरही पाण्याने पुन्हा पुन्हा भरू लागला. टाकीतून वर आला की शिडीच्या पायथ्याशीच बसू लागला. घरी मी त्याच्या पिशवीतून बाहेर निघे तेव्हा त्याची बायको मला घासता घासता विचारी, "अहो, खरं सांगा, बाहेर काय काय खाता?"

"काही नाही गं. तू देतेस तेच."

"मग माझ्याच हाताला साखर लागलीय म्हणायची!"

तिने घरातलं गोड कुलुपात ठेवलं. त्याने किल्ली मागितली नाही. तपासणीत मधुमेह निघाला आणि रक्तातली चरबीही बिघडलेली निघाली. दोघांनी एकमेकांकडे चोरासारखं पाहिलं. चोर दोघांपैकी कुणीच नव्हता.

कारखान्याचा एक नियम होता. आजारात कामाचाही हात असू शकतो, एवढं डॉक्टरांनी लिहिलं, तर धूर ओढणारी नळी बसेपर्यंत टाकीतलं काम थांबवावं लागे. रेघोबाला तेवढं एक वाक्य हवं होतं. दूध पिऊन तो थेट कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेला. मी त्याच्या हातात होतो. मुकादमही बरोबर होता.

"रोज दूध किती घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"हा मग भरून."

"एवढा? आणि साखर?"

"तीन चमचे, साहेब. टाकीतल्या गड्याला तीन देतात."

डॉक्टर प्रसन्न झाले. "अहो, मग शोधताय काय? आजार तुम्ही रोज मगाने प्यायलात!"

"पण ते तर धुरावर देतात."

"धुरावर दुधाचा काही उपयोग नसतो. हे निव्वळ अज्ञान."

"मग धुरावर कशाचा उपयोग असतो?"

डॉक्टरांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावर होतो आणि माझ्या तळाशी अजून दोन घोट होते.

"धुराचं खात्रीने काही सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले आणि खात्रीने लिहिलं: गोड दुधाचे अतिसेवन.

साखरेने त्याचं भलं केलं असं मी म्हणत नाही. पण न्याय कसा वाटला गेला ते पाहा. संशयाचा फायदा धुराला मिळाला आणि शिक्षा दुधाला. ज्यांनी मला उतारा म्हणून पुढे केलं, त्यांनीच मला विष ठरवलं. नळी नाकारतानाही मीच कारण होतो आणि धूर निर्दोष सोडतानाही मीच. माझ्याच कारागिराविरुद्ध साक्ष म्हणून मला वापरलं गेलं, आणि मला तोंड असून बोलता आलं नाही.

पुढे फळ्यावर सूचना लागली: आरोग्याच्या कारणास्तव दूध बंद. नळीचा उल्लेख नव्हता. टाकीतलं काम चालू राहिलं. दोनदा दूध घेणारा तो तिसरा गडी, जो कधी काही म्हणत नसे, तो आता म्हणाला, "वा रेघोबा! साखर तुझी वाढली आणि गेली आमची."

जेवणाच्या सुट्टीत रेघोबाने ग्राइंडर उचललं आणि माझा तळ कापला. तोच सांधा, ज्यावर त्याचं नाव उभं होतं. चक्ती फिरली, ठिणग्या उडाल्या आणि मी पुन्हा पाइपचा तुकडा झालो. अडगळीतल्या जुन्या ब्लोअरची हवा ओढणारी नळी त्याने माझ्या एका टोकाला बसवली, ब्लोअरच्या दुसऱ्या अंगाला जाड कापडाची पिशवी बांधली, आणि माझं तोंड टाकीत काम चालू असलेल्या सांध्याच्या जवळ, पण वाऱ्याने सांधा बिघडणार नाही इतक्या अंतरावर टांगलं. टोमणा मारणारा गडी येऊन उभा राहिला, मग नळी धरून म्हणाला, "सरक. वाकडी लावतोयस."

मुकादम धावत आला. "हे कुणाला विचारून?"

"दूध द्यायला कुणाला विचारलं होतं?"

"सांध्यात एक भोक निघालं ना, रेघोबा, तर आजच काढून फेकीन."

काम झाल्यावर टाकीत पाणी भरलं. सगळे भोवती उभे राहिले, माझ्या जन्माच्या दिवशी उभे होते तसेच. थेंब पाझरला नाही. मग रेघोबाने पिशवी उसवली. आत पिठासारखी करडी, तांबूस भुकटी साचली होती. मुकादम तिच्याकडे पाहत राहिला. आजवर ही कुठे जात होती, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं, तर रेघोबाने नुसता छातीवर हात ठेवला असता.

त्याचा आजार काही मागे फिरला नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं वाक्यही जागचं हललेलं नाही. तो गोळ्या घेतो, बायको त्याला बिनसाखरेचा चहा देते, आणि मी त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर लटकून धूर पितो. जे काम करतो म्हणून माझी वाहवा झाली होती, ते काम मी तळ गमावल्यावर प्रथमच करतो आहे.

मित्रांनो, आपुलकीने पुढे केलेला मग नाकारू नका. दूध जरूर प्या. फक्त रिकामा मग परत देताना देणाऱ्याच्या डोळ्यांत बघून एवढं विचारा: आणि धुराचं काय केलंत?