तिचा फूट

"धरलं का गं?" वरून पत्रेकाकांनी विचारलं.

"धरलंय, बाबा. तुम्ही आधी नीट बसा."

लेक मागच्या भिंतीबाहेर स्टुलावर उभी होती. डोक्यावर आलेल्या वाशाच्या टोकाला तिने टेपची कडी अंगठ्याने दाबून धरली होती. वादळाने तिच्या घरावरचे गंजके पत्रे उचलून शेजारच्या आवारात नेऊन टाकले होते आणि छपराच्या जागी नुसता सांगाडा उरला होता. स्वयंपाकघरात मान वर केली की थेट आकाश. जावई म्हणाले होते, दुसऱ्या कुणाला तरी बोलावू. पण सासरा पत्रेवाला आणि माप परक्याने घ्यायचं, हे काकांच्या गळी उतरेना.

शिवाय त्यांनी स्वतःच एक अट घालून ठेवली होती. बायको गेल्यापासून लेक त्यांच्या मागे लागली होती, की आता शिडी चढणं बंद, ते घर बंद, माझ्याकडे राहायला या. काका हं हं करत वेळ मारून नेत. सकाळी चहा घेताना मात्र त्यांनी सोक्षमोक्ष लावला. "हे छप्पर बरोबर बसलं, तर मी माझ्या घरी. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"आणि नाही बसलं तर?"

"माझा पत्रा कधी कमी पडलाय?"

खरंच कधी पडला नव्हता. मात्र 'माझा' म्हणण्यात थोडी लबाडी होती. टेपचं वरचं टोक काकांच्या हातात, तर खालचं कायम बायकोच्या. लग्नानंतर एकदा मदतीचा माणूस आला नाही म्हणून ती स्टुलावर चढली, ती चढलीच. पुढे कधीतरी टेप पत्र्यात अडकून टोकाशी तुटली. नवी घेऊ, नवी घेऊ म्हणता म्हणता राहून गेलं. मग ती फुटाच्या खुणेवर अंगठा दाबून धरायची आणि काकांनी आकडा वाचायच्या आत खालून ओरडायची, "अहो, माझा फूट सोडा!" काका वाचलेल्या आकड्यातून एक फूट वजा करायचे आणि म्हणायचे, "सोडला बाई, सोडला." गिऱ्हाइकं हसायची. घरात भांडण होऊन अबोला असला, तरी एवढं बोलावंच लागायचं, आणि बऱ्याचदा अबोला तिथेच मिटायचा.

आज लेकीने नवी टेप आणली होती, पिवळी, चकचकीत कडीची. जुनी काकांच्या खिशात होती. पण त्या खुणेवर दुसऱ्या कुणाचा अंगठा त्यांना नको होता.

त्यांनी टेप छपराचा उतार जिथून सुरू होतो त्या वरच्या भिंतीपर्यंत ताणली. आकडा दिसला. खालून कुणी काही ओरडलं नाही. काका ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले. मग खाली उतरले, दुकानदाराला फोन लावला आणि सांगितलं, एवढ्या लांबीचे पत्रे कापून पाठव. तो सबंध दिवस ते खुशीत होते.

पत्रे आले. बसवायला काकांच्याच हाताखाली तयार झालेला फिटर आला. आता त्याच्याही डोक्याला टक्कल पडलं होतं. काका त्याच्याबरोबर वर चढले. पहिला पत्रा वरच्या भिंतीला भिडवून फिटरने खाली पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग दुसरा पत्रा शेजारी ठेवून बघितला.

पत्रा भिंतीवर येऊन संपत होता. भिंतीबाहेरची वाशांची टोकं उघडीच राहिली होती. पाऊस आला की सगळं पाणी भिंतीवरून उतरणार.

"दुकानदाराने कापताना घोळ घातला असणार," फिटर काकांकडे न बघता म्हणाला. "त्याचं नेहमीचंच आहे. मी बघतो त्याच्याकडे."

काकांनी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. लेकीने विश्वास ठेवला असता, जावयांनी ठेवला असता. काकांना त्यांचं घर डोळ्यांपुढे दिसलं, दाराशी ठेवलेल्या बायकोच्या चपलांसकट. त्यांना ते सोडायचं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "मी सांगितलं तेवढंच कापलंय त्याने. मी सोडला रे."

"काय सोडलं?"

"तिचा फूट. ती नव्हती, तरी सोडला."

फिटरने हातातलं भोकं पाडायचं मशीन खाली ठेवलं. ती हाक त्यानेही वर्षानुवर्षं ऐकली होती. "मी जरा पाणी पिऊन येतो," असं म्हणून तो शिडी उतरून गेला.

खाली लेक उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "नवी टेप मीच आणली ना."

"तुझं काय चुकलं त्यात?"

"आईची टेप द्या. आहे ना खिशात? आल्यापासून हात तिथेच आहे तुमचा."

काकांनी टेप काढली आणि तुटकं टोक खाली सोडलं. लेक स्टुलावर चढली.

"कुठून धरू?"

"फुटावर."

तिने खुणेवर अंगठा ठेवला आणि तो वाशाच्या टोकाला दाबला. काकांनी टेप पत्र्याच्या कडेपर्यंत ओढली. आकडा दोनचा होता. त्यांना तो नीट दिसेना, म्हणून त्यांनी बाहीने डोळे पुसले.

मग लेक म्हणाली, "बाबा, आईचा फूट सोडा."

काका रडले. उन्हात, त्या अर्ध्या छपरावर, गुडघ्यात डोकं घालून रडले. लेकीने टेप सोडली नाही.

"सोडला," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "एकच फूट कमी आहे. बाकी माप बरोबर आहे."

फिटरने खालच्या कडेला पत्र्याची जोडपट्टी लावून तो एक फूट भरून काढला. ऊन कलेपर्यंत काम उरकलं. त्या सकाळच्या अटीचा विषय लेकीने काढला नाही. काकांनीच शिडी उतरवली, खांद्यावर घेतली आणि विचारलं, "ही आता तुझ्याकडे कुठे ठेवायची?"

लेकीने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "तिथे, जोडपट्टीखाली. भिजणार नाही."

काकांनी शिडी तिथे आडवी ठेवली आणि स्टूल उचलून घरात नेलं.