दाखल क्रमांक १८४७

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. पण मित्रांनो, मुळशीतल्या एका छोट्या वाचनालयाच्या दप्तरी मी पुस्तक आहे. खोटं वाटत असेल, तर माझ्या पोटावरचा शिक्का पाहा.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. अनिमेष नावाच्या नोकरदाराकडे मी चार वर्षं होतो. तो गावातल्या कोंडाजींच्या चाळीत भाड्याने राहायचा. २००२ साली बावधनला फ्लॅट घेतल्यावर त्याने खोली रिकामी केली आणि मला वाचनालयाला देऊन टाकलं. ग्रंथपाल हेमलताबाईंकडे नोंदवही एकच, पुस्तकांची. त्यांनी तीत माझं नाव लिहिलं, शिक्का मारला, तारखांची चिठ्ठी चिकटवली आणि मला जुन्या टीव्हीला जोडलं.

वाचनालयाचे अध्यक्ष कोंडाजी. जागा त्यांनीच दिलेली. मला पाहताच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ह्ये वाचनालय हाय का जत्रा? पोरं आता पुस्तकाला हात लावायची न्हाईत."

"लावतात, अण्णा," बाई म्हणाल्या. "आधी पुस्तक वाचायचं, त्याची गोष्ट मला सांगायची, मगच वीस मिनिटं खेळायला मिळतं."

"मंग पातळ पातळ बघूनच न्हेत असतील."

हे मात्र खरं होतं. मी उगाच फुशारकी मारणार नाही. सोळा पानांच्या पुस्तकांवर मुलांच्या उड्या पडत.

शुभांगी उशिरा आली. ही कैलासची मुलगी. तो पिरंगुटला कारखान्यात कामाला होता. पातळ पुस्तकं संपली होती, म्हणून तिने एकशे वीस पानांचं नेलं. तीन आठवडे रोज दारातून माझ्याकडे बघून जायची. शेवटी एका शनिवारी, बाई कुलूप लावत असताना, धापा टाकत आली.

"बाई, झालं वाचून. समदं."

"उद्या ये. पहिलं नाव तुझं," म्हणून बाईंनी ते खेळणाऱ्यांच्या यादीत लिहिलं.

ती गेली आणि कोंडाजी आले. त्यांना मला रद्द करायचं होतं. पण फाटल्याशिवाय किंवा हरवल्याशिवाय नोंद रद्द होत नाही, हा नियम त्यांचाच. बाईंनी तो वाचून दाखवला. कोंडाजींनी नोंदवही बाईंपुढे सरकवली.

"मंग माझ्या नावावर लिवा. मी बी सभासद हाय."

बाईंना नाही म्हणता येईना. सात दिवसांच्या बोलीवर मी पिशवीतून त्यांच्या घरी गेलो आणि धान्याच्या कोठीमागे पडलो. सात दिवसांची आठ वर्षं झाली. वाचनालयाच्या दारावर पुस्तकं परत न करणाऱ्यांच्या नावांचा फळा होता. त्यावर बाई दर महिन्याला पहिलं नाव अध्यक्षांचं लिहीत. कोंडाजी त्याखालून ये-जा करत, पण हट्ट सोडीनात.

२०१० साली कोंडाजींनी जमीन विकली, घर आवरायला काढलं. सून जया हिने माझ्यावरची धूळ झटकून चिठ्ठी वाचली.

"मामंजी, ह्ये वाचनालयाचं हाय. आठ वर्सं झाली."

कोंडाजी मला स्वतः घेऊन गेले. बाईंनी टीव्हीला जोडून पाहिलं. मी चालू झालो नाही. कोठीमागच्या उंदरांनी माझ्या वायरी खाल्ल्या होत्या. बाईंनी फळ्यावरचं नाव पुसलं आणि जुनी यादी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"ही शुभांगी कोन?"

"कैलासची. त्या रविवारी गोष्ट पाठ करून आली होती. तुम्ही खेळ नेलाय, म्हटल्यावर पुस्तक टेबलावर ठेवून गेली."

"मंग? दुसरं पुस्तक न्यायला आली आसंल की."

"नाही, अण्णा. पुन्हा आलीच नाही."

कोंडाजी बाकावर बसले. पोरांनी वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मला त्यांचा राग नाही. वाईट वाटतं ते शुभांगीचं. मित्रांनो, मला कपाटात ठेवा किंवा भंगारात द्या. पण नेलेली वस्तू ठरल्या दिवशी परत करा. तुमच्यामागे रांगेत कोणीतरी उभं असतं, आणि ते आठ वर्षं थांबत नाही.